दुकान जळते, पत जळत नाही

२६ मार्च २०२१, शुक्रवारची रात्र. अकराच्या सुमारास पुणे कॅम्पातील फॅशन स्ट्रीटला आग लागली. कपडे, चपला, पर्स, चष्मे अशा मालाने भरलेली चारशेहून अधिक छोटी दुकाने जळून गेली. आगीत कोणी दगावले नाही, हे अल्लाहचे उपकार. पण आग विझवून घरी परतताना पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अग्निशमन दलाचे प्रमुख प्रकाश हसबे यांचा वाटेत अपघाती मृत्यू झाला. दुसऱ्याचा माल वाचवायला गेलेला माणूस स्वतःच्या घरी पोहोचला नाही. त्यांची आठवण बाजाराने ठेवलीच पाहिजे.

त्या आगीची वेळ व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावी. २०२० चा रमजान आणि ईद लॉकडाऊनमध्ये गेली होती. वर्षाची मोठी कमाई बुडाली होती. २०२१ चा रमजान तीन आठवड्यांवर आला असताना ही आग लागली. एप्रिल उजाडताच राज्यात पुन्हा निर्बंध आले. ज्याचे दुकान शाबूत होते, त्यालाही शटर खाली ओढावे लागले. म्हणजे एका वर्षात एकाच माणसावर तीन घाव. तरीही फॅशन स्ट्रीट पुन्हा उभा राहिला, आणि आज तिथे गिऱ्हाईक पूर्वीसारखेच घासाघीस करते.

हे बळ येते कुठून? आमच्याकडे अनेक दुकानदार आणि कारागीर बोलून दाखवतात, "आता होत नाही." त्यांचे दुकान जळालेले नसते. पण भाडे वाढलेले असते, उधारी अडकलेली असते, गिऱ्हाईक मोबाईलवर माल मागवू लागलेले असते. एक दिवसाची आपत्ती माणूस कसाबसा झेलतो. रोजची चणचण मात्र त्याला आतून पोखरते. म्हणून हा प्रश्न आम्हा सर्वांचा आहे.

सब्र म्हणजे बसून राहणे नव्हे

आपल्यात सब्र या शब्दाचा अर्थ पुष्कळदा गप्प बसणे असा केला जातो. हजरत हाजरा यांचा प्रसंग आठवा. ओसाड वाळवंटात तान्हे बाळ तहानेने तळमळत होते. त्या अल्लाहवर भरवसा ठेवून होत्या, तरी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. त्या धावण्यालाच सई म्हणतात, आणि सई म्हणजे प्रयत्न. हज आणि उमऱ्याला जाणारा प्रत्येक जण आजही ती करतो. पाणी मिळाले ते अल्लाहच्या कृपेने. पण पाय थांबले नव्हते. दुकानदाराची सई म्हणजे ठरल्या वेळी दुकान उघडणे, चार गिऱ्हाईके कमी आली तरी झाडलोट करून माल नीट मांडणे.

वही लिहा, तोंड लपवू नका

माल गेला तरी व्यापाऱ्याजवळ एक भांडवल उरते, ते म्हणजे पत. ती टिकते दोन गोष्टींवर. पहिली, हिशोब लिहिलेला असणे. कुरआनच्या सूरह बकरामधील २८२ वी आयत देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवायला सांगते. दुसरी, अडचणीत असताना देणेकऱ्याने स्वतः जाऊन भेटणे. पैसे नसले की आपण ठोक व्यापाऱ्याचा फोन उचलत नाही. तिथेच पत जाते. "आज पाचशे घ्या, बाकीचे ईदनंतर," असे समोर बसून सांगणाऱ्याला माल सहसा बंद होत नाही.

ज्यांचे येणे आहे, त्यांच्यावरही जबाबदारी आहे. त्याच सूरहची २८० वी आयत तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगते, आणि माफ केले तर ते अधिक चांगले ठरवते. शिवाय सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आपली जकात रमजानमध्ये बहुधा दारी येणाऱ्याच्या हाती जाते. शेजारच्या गाळ्यातला इभ्रतीने गप्प राहिलेला दुकानदार मात्र आपल्याला दिसत नाही. मोहल्ल्यातील जाणत्यांनी मौलवी साहेबांना विचारून त्याला शोधावे आणि वाच्यता न करता त्याच्यापर्यंत मदत पोहोचवावी.

हात शाबूत तर हुन्नर शाबूत

कारागिरांपुढचा पेच वेगळा आहे. दुकान जळाले तर पुन्हा बांधता येते. पण कामाची मागणीच गेली तर? यावर मिरजेचा दाखला आहे. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारे घडवण्याचा. एकोणिसाव्या शतकात त्या कामाची मागणी घटली. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये बनवायला हात घातला. तलवारीची सवय असलेला हात भोपळ्याच्या तंबोऱ्यावर बसायला वेळ लागलाच असणार. पण पुढच्या पिढ्यांनी नाव कमावले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांनी जुने काम सोडले, हुन्नर सोडला नाही. पुण्यातील शिलाई, सुतारी, कल्हई वा फॅब्रिकेशन करणाऱ्या बांधवांनी आणि घरी मशीन चालवणाऱ्या भगिनींनी यावर विचार करावा.

शेवटी, तवक्कुलच्या आधी उंटाचा पाय बांधावा लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वायरिंग तपासून घ्यावे, दुकानात आग विझवण्याचे नळकांडे ठेवावे, येण्या-देण्याच्या वहीची एक प्रत घरी असू द्यावी. विम्याबाबत मनात शंका असेल तर आलिमांना विचारावे, पण विषय टाळू नये. पुण्याच्या बाजाराने १८९७ चा प्लेग पाहिला, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला. चिखल उपसून पेठांतली दुकाने पुन्हा उघडली. त्या दुकानदारांनाही पहिल्या दिवशी पूर्ण रस्ता दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशीचे काम तेवढे दिसत होते. फजरनंतर आपणही तेवढेच ठरवावे. बरकत देणारा अल्लाह आहे.