कुबसीटीएल : स्थापना, जुळणी आणि दक्षता

गूगलने २०१४ मध्ये मुक्तस्रोत म्हणून जाहीर केलेली कुबरनेटीज ही प्रणाली अनेक संगणकांच्या समूहावर, म्हणजेच क्लस्टरवर, कंटेनरांचे व्यवस्थापन करते. कमांड लाइनवरून तिला आदेश देण्याचे साधन म्हणजे कुबसीटीएल होय.

स्थापनेपूर्वी आवृत्ती पाहावी. क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरची आवृत्ती १.३० असल्यास साधनाची आवृत्ती १.२९, १.३० किंवा १.३१ असावी. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम अधिकृत चेकसमशी ताडून पाहावा. लिनक्सवर त्यानंतर फाइलला कार्यान्वयनाची परवानगी देऊन ती पाथमधील एखाद्या डिरेक्टरीत ठेवावी.

तथापि, एवढ्याने जुळणी पूर्ण होत नाही. क्लस्टरचा पत्ता व प्रवेशाची ओळख सामान्यतः होम डिरेक्टरीतील ‘.कुब’ या डिरेक्टरीत, ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये असते. तीत अनेक क्लस्टरांची नोंद असू शकते. वेगळा निर्देश नसल्यास आदेश चालू कॉन्टेक्स्टमधील क्लस्टरलाच जातो. सरावासाठी दिलेला ‘डिलीट’ आदेश अशा वेळी, पुरेसे अधिकार असल्यास, निकालाच्या प्रणालीवरही चालेल. कारण पूर्वनिर्धारित स्थितीत हे साधन पुष्टी मागत नाही.

म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या आरंभी ‘कुबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट’ हा आदेश द्यावा. विद्यार्थ्यांना मर्यादित अधिकारांची स्वतंत्र फाइल द्यावी. प्रशासकाची फाइल प्रयोगशाळेतील संगणकांवर कदापि ठेवू नये.