लहान मुलांना घेऊन माथेरान

तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत पहिली सहल ठरवताय? मी तर माथेरानच सुचवेन. कारण एकच, पण पुरेसं: गावात मोटारगाड्यांना बंदी आहे. घोड्यांकडे लक्ष ठेवलं की मूल रस्त्यावर मनसोक्त पळू शकतं.

आपली गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची. तिथून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. एवढं अंतर मुलांना चालवू नका. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल पकडा. १९०७ साली सुरू झालेल्या या छोट्या रेल्वेचा एवढा टप्पा त्यांना भरपूर होतो. नेरळपासूनचा प्रवास फार सुंदर आहे, पण दोन तासांहून जास्त चालतो. लहानगी कंटाळतात. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच असते.

बाबागाडी घरीच राहू द्या, लाल मातीच्या चढ-उतारांवर ती ढकलवत नाही. खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवा. माकडं थेट हातातून हिसकावतात! दिवसाला एकच पॉइंट, तोही सकाळी. कड्याजवळ मात्र मुलाला कडेवरच घ्या. दुपारची झोप मोडू नका, संध्याकाळी बाजारात चिक्की घ्यायला सगळे ताजेतवाने असतील.