करारातील शब्द आणि तंट्याचा निवाडा

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांनी मला सातवीत मराठी शिकविले. निबंध तपासताना ते विशेषणाखाली तांबडी रेघ ओढीत आणि वहीच्या समासात एकच शब्द लिहीत : ‘किती?’ ‘नदीला मोठा पूर आला’ असे लिहिले की रेघ आलीच. पुढे मराठीचा प्राध्यापक होऊन मी जन्मभर विशेषणांवरच पोट भरले आणि गुरुजींचा तो प्रश्न साफ विसरलो. तो आठवला चाळिशीच्या उंबरठ्यावर, खासबागेत घर बांधताना. जागेचे आणि बांधकामाचे तंटे हा विषय एका मराठीच्या शिक्षकाने का निवडावा, असे काही स्नेह्यांनी मला विचारले. मी वकील नाही. तथापि हे तंटे पुष्कळदा लबाडीतून कमी आणि सैल शब्दांतून अधिक जन्म घेतात, असे माझे मत बनले आहे; आणि शब्द हा माझा प्रांत आहे.

१९८९ साली मी एका ठेकेदाराला मालासहित काम दिले. करारनामा मीच लिहिला. मराठीचा प्राध्यापक घरात असताना दस्तलेखकाला पैसे कशाला द्यायचे, हा त्यामागचा हिशेब! ‘काम उत्तम प्रतीचे, टिकाऊ व शोभिवंत करून, घर राहण्यास सर्वथा योग्य अशा स्थितीत, वेळेत हवाली करावे,’ असे त्यातील मुख्य वाक्य होते. त्याच्या लयीवर मी खूष होतो. ठेकेदारांनी ते वाचून विचारले, “सर, शोभिवंत म्हणजे नेमकं किती इंच?” मी हसलो. त्यांनीही हसून सही केली.

काम सुरू झाल्यावर मेव्हण्यांनी सुचविले, की पावसाचे पाणी रस्त्यावरून आत येते, जोते एक फुटाने उंच घ्या. सौभाग्यवतींनी देवघरात कोनाडा आणि मागच्या दारी कट्टा मागितला. ठेकेदार ‘करूया की’ म्हणाले. शेवटच्या हप्त्याच्या वेळी त्यांनी जादा कामाचे बिल पुढे केले. ते पाहून मी चकित झालो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे हे सारे ‘सर्वथा योग्य’ या दोन शब्दांत आलेले होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे ‘करूया की’ म्हणजे काम करूया. फुकट करूया असे नव्हे. आज सांगतो, त्यांचे काही चुकले नव्हते. माझेही मी तेव्हा चुकले असे मानत नव्हतो. दोन वर्षे आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून एकमेकांशी बोललो नाही. घराच्या गिलाव्याला बाहेरून हात लागायचा राहिला तो राहिलाच.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसियर होते. दोघांनीही त्यांना मध्यस्थ मानले. पहिल्याच बैठकीत त्यांनी आमचे म्हणणे ऐकण्यापूर्वी एक कोरा कागद पुढे केला आणि त्यावर आम्हा दोघांकडून लिहून घेतले, की ते ठरवतील ती रक्कम आम्हांस मान्य राहील. मग टेप काढून त्यांनी जोत्याची उंची, कट्ट्याची लांबी, कोनाड्याची खोली मोजली. कोण खरे, कोण खोटे, हे त्यांनी विचारलेच नाही. मोजमापावर त्या वर्षीच्या दराने आकडा काढला, त्यातून राहिलेल्या गिलाव्याचे पैसे वजा केले, आणि उरलेली रक्कम मी दोन हप्त्यांत द्यावी असे सांगितले. दोन वर्षांचा अबोला दीड तासात मिटला.

तो कोरा कागद पाहून मी चमकलो, याचे कारण माझ्या व्यवसायात आहे. मराठेशाहीतील न्यायव्यवहाराचे कागद आम्ही वर्गात भाषेच्या अभ्यासासाठी वाचीत असू. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी या न्यायपद्धतीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. त्या काळी वतनाचा, शेताच्या बांधाचा किंवा घरजागेचा वाद गोतसभेपुढे आला, की अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे आजचे वादी व प्रतिवादी, दोघेही आधी ‘तुम्ही द्याल तो निवाडा मान्य’ असे लिहून देत. या कागदाचे नाव राजीनामा. आज आपण नोकरी सोडल्याचा कागद एवढाच त्याचा अर्थ धरतो. मुळात तो राजी असल्याचा लेख. राजीनाम्याला जोडून जामीन घेतला जाई, मग तकरीर म्हणजे प्रत्येकाचे लेखी म्हणणे, मग साक्षी, आणि शेवटी उपस्थितांच्या निशाण्यांसह महजर किंवा निवाडपत्र. जिंकणारा ‘हरकी’ भरी आणि हरणारा ‘गुन्हेगारी’. जिंकणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले हसत. ज्यांनी कोर्टाची पायरी चढली आहे, ते हसणार नाहीत.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गोतसभेत जातीचा आणि वतनाचा दाब होता, आणि साक्षीपुरावा तुटला की उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्यही करावे लागे. पण तंटा ऐकण्याआधी निवाडा मानण्याचे लिहून घ्यावे, ही युक्ती मात्र टिकली. इंग्रजी अमलात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांत लवादाला जागा मिळाली. पुढे १९४० चा लवाद कायदा आला आणि आज १९९६ चा लवाद व समेट कायदा चालू आहे. या कायद्यातही लवादाचा करार लेखी असावा लागतो. आपल्या भागातील गंमत अशी, की कन्नडमध्ये ‘राजी’ हा शब्द तडजोडीच्या जुन्या अर्थाने अद्याप जिवंत आहे. मराठीने जे गमावले ते शेजारणीने जपून ठेवले.

शेजारणीचा विषय निघालाच आहे, तर सीमाभागाची एक खास अडचण सांगितली पाहिजे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. शेजारचे शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. साहजिकच एकाच कुटुंबाच्या पेटीत आजोबांचे मोडीतील खत, वडिलांचे बाळबोध मराठीतील खरेदीखत आणि मुलाच्या नावचा कन्नड उतारा असे तीन लिप्यांचे कागद सापडतात. करार, हिस्सा, उतारा हे शब्द दोन्ही भाषांत चालतात. पण जुन्या मराठी खतातील ‘चतुःसीमा’ कन्नड दस्तात ‘चक्कुबंदी’ होते. शब्द बदलला म्हणून बिघडत नाही, मजकूर बदलला की बिघडते. ‘पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस चिंचेचे झाड’ अशी सीमा लिहिलेली असते. अमक्याचे घर दोनदा विकले गेलेले असते आणि चिंच तोडून तेथे यंत्रमागाची शेड उभी असते. शिवाय त्याच माणसाचे नाव मराठीत एक, कन्नड उताऱ्यावर किंचित वेगळे आणि बँकेच्या कागदावर इंग्रजी अक्षरांतून तिसरेच उतरते. आमच्या भाषेतील ‘ळ’ इंग्रजीत गेला की ‘ल’ होऊन परत येतो, हे मी जन्मभर पाहत आलो. त्या एका अक्षरासाठी वारसांना प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते.

यावर उपाय अवघड नाहीत. सीमा सांगताना सिटी सर्व्हे नंबर, चारी बाजूंची फुटांतील मापे आणि दोघांच्या सह्यांचा नकाशा जोडावा. झाडाचा उल्लेख हवा तर नंतर करावा. नाव तिन्ही लिप्यांत कसे आहे ते दस्तातच नमूद करावे. दस्त अशा भाषेत असेल की जी एका पक्षाला वाचता येत नाही, तर कोणी वाचून दाखविला त्याचे नाव व सही घ्यावी. दोन भाषांत प्रती केल्या, तर फरक पडल्यास कोणती प्रत प्रमाण मानावयाची हे लिहावे. भाषेचा अभिमान असणाऱ्यांना हे शेवटचे कलम खटकते. मलाही खटकले होते. पण घर वाचविण्याच्या जागी अभिमान दाखवू नये, या मताला मी आलो आहे.

विणकरांच्या वस्तीतील लांबट, एकमेकांना खेटून असलेली घरे आठवा. वाटणी झाली की एका घराची दोन होतात, आणि सामाईक भिंत, मोरीचा उतार, मागच्या आडाची वाट यांचा वाटणीपत्रात उच्चारही नसतो. आषाढात एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या भिंतीवर पडू लागल्या, की भावाभावांचे भांडण ठरलेले. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे अखंड, उघड आणि हक्काने चाललेली वहिवाट हक्क बनू शकते. त्यामुळे ‘आपलाच भाऊ, जाऊ दे’ म्हणून दिलेली वाट तोंडी देऊ नये. द्यावी अवश्य, पण परवानगी म्हणून लिहून द्यावी. त्यात प्रेम कमी होत नाही.

जागा खरेदीत सर्वांत मोठा धोका ‘बाँड’चा. शेतीचा गुंठा, बिगरशेती झालेला नाही, नकाशा मंजूर नाही, आणि व्यवहार स्टँपपेपरावर; वर मुखत्यारपत्र. पैसे पुरे दिले, ताबा मिळाला, आता काय राहिले, असे घेणाऱ्याला वाटते. शंभर रुपयांवरील स्थावराच्या विक्रीस नोंदणीकृत खत लागते, आणि केवळ विक्रीचा करार व मुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ज्यांनी मागावर रात्री जागून असे गुंठे घेतले, त्यांच्यासमोर हे सांगताना मला संकोच वाटतो; पण ज्यांना अद्याप घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी सांगणे प्राप्त आहे.

आधी कागद, मग काम, हा नियम केवळ गरिबालाच लागू नाही. शहापुरातील बँक ऑफ इंडिया चौकापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतचा रस्ता स्मार्ट सिटी योजनेतून झाला. जागेचे रीतसर संपादन न होता काम झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सुमारे २० कोटी रुपयांच्या भरपाईचा प्रश्न महापालिकेपुढे उभा राहिला, आणि २०२४ मध्ये जागा मालकाकडे परत देण्यात आली. डांबरी रस्ता होऊनही आपली वाट अडली.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी २०१६ च्या रेरा कायद्याने बरेच सोपे केले आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निघाल्यास बिल्डरला ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे लागतात. ‘चटईक्षेत्र’ या शब्दाची व्याख्याच कायद्याने केली, हे मला विशेष वाटते; गुरुजींचा ‘किती?’ संसदेपर्यंत पोहोचला म्हणायचा! छापील करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मात्र स्वतःच्या जागेत ठेकेदार लावून एक घर बांधणाऱ्याला रेराचा आधार नाही. त्याचा आधार म्हणजे त्याचा स्वतःचा करार; आणि सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक आयोग.

तंटा झालाच, तर थांबून राहू नये. कराराच्या भंगाबद्दल दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते, आणि आपल्याकडे रुसव्यातच तीन वर्षे निघून जातात. बोलणी चालू ठेवावी, पण तारखांकडे लक्ष ठेवून. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बलवान असते, तिच्यावर अपील नसते आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. लवाद नेमायचा तर तो एका पक्षाचा नोकर वा नातलग नसावा. ओव्हरसियरसाहेब आम्हा दोघांपैकी कोणाच्याही नात्यातले नव्हते. आमच्या घरी चहासुद्धा त्यांनी निवाडा सांगितल्यानंतर घेतला.

२००४ साली मुलासाठी वरचा मजला चढविला. ठेकेदार तेच. कागद दोन पानांचा झाला. भिंतीची जाडी, सिमेंट-वाळूचे प्रमाण, फरशीचा दर. स्लॅब, गिलावा आणि फरशी अशा टप्प्यांवर हप्ते. शेवटची पाच टक्के रक्कम एक पावसाळा गेल्यावर. जादा काम वहीत लिहून, दर ठरवून, दोघांच्या सहीनंतरच. आणि वाद झाल्यास निवाडा कोण करील, त्याचे नाव. घरच्या मंडळींच्या सूचनांसाठी वहीचे एक पान वेगळे ठेवले होते. ठेकेदारांनी कागद वाचून म्हटले, “सर, ह्यात तुमचं मराठी काय दिसंना की!” त्या कामात एकच मतभेद झाला, तो खिडकीवरील सज्जाच्या रुंदीबद्दल. ओव्हरसियरसाहेबांना बोलावण्याची वेळ आली नाही. कागदावर दोन फूट लिहिले होते.