पाटणादेवीचा शिलालेख आणि बारा शब्दांची किल्ली

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणारे बहुतेक जण देवीचं दर्शन घेतात, डोंगर बघतात, डबा खातात आणि परततात. इथल्या शिलालेखाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तो आहे इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की तो चक्क जुन्या मराठीत बोलू लागतो: पाटणच्या बाजारात विक्रीला निघणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो आता मठाला.

हे दगडावर का कोरायचं? उद्या कुणी ‘असं काही ठरलंच नव्हतं’ म्हणू नये म्हणून. नोंद चारचौघांसमोर आणि खोडता न येणारी. मठात शिकवायचं काय, तर गणित. आता गंमत बघा. उघडी, न खोडता येणारी नोंद आणि अवघड गणित, याच दोन गोष्टींच्या जोरावर आठशे वर्षांनी, ३ जानेवारी २००९ रोजी, बिटकॉइन नावाचं चलन सुरू झालं. त्याला टांकसाळ नाही, रिझर्व्ह बँक नाही, तिजोरीही नाही.

तिजोरी नाही, मग पैसे असतात कुठे?

कुठेच नसतात! जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेतलं तर निदान तोळाभर धातू हातात पडतो. बिटकॉइन घेतल्यावर हातात, मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हवर काहीही येत नाही. जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वहीच्या प्रती आहेत आणि त्या वहीत ‘अमुक पत्त्यावर इतके जमा’ एवढीच नोंद असते. ज्याला आपण वॉलेट म्हणतो ते ॲप पैसे सांभाळतच नाही. ते सांभाळतं फक्त एक आकडा. तो ज्याला ठाऊक, तो मालक. आधार कार्ड नको, अंगठा नको, सही जुळायला नको. हा आकडा म्हणजेच किल्ली.

किल्ली असते ७८ अंकांपर्यंतची. ती कुणी देत नाही. तुमचा फोन स्वतःच फासे टाकल्यासारखा एक आकडा निवडतो. ना नोंदणी, ना परवानगी. हा आकडा आधीच कुणी घेतला आहे का, हेसुद्धा तो विचारत नाही. मग दोघांनी एकच आकडा निवडला तर?

याचं उत्तर देताना भास्कराचार्यांना बोलवायला हवं. ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाशाचं प्रकरण आहे. वस्तूंची मांडणी किती तऱ्हांनी करता येईल, हे त्यात मोजलं आहे. विष्णूच्या चार हातांतल्या चार आयुधांची अदलाबदल केली तर मूर्तीचे प्रकार किती? २४. आणि शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांची? ३६,२८,८००! हात वाढले फक्त सहा आणि उत्तर चोवीसवरून छत्तीस लाखांवर गेलं. शक्यता अशाच भराभर वाढत जातात, आणि डिजिटल किल्लीची सगळी सुरक्षा या वाढीवरच उभी आहे.

७८ अंक कागदावर उतरवताना एक तरी चूक होणारच. म्हणून २०१३ मध्ये एक सुंदर युक्ती निघाली. २०४८ साध्या शब्दांची एक यादी ठरवली गेली. तिच्यातले १२ शब्द वॉलेट तुम्हाला ठरावीक क्रमाने देतं आणि त्या बारा शब्दांतून हव्या तितक्या किल्ल्या पुन्हा तयार होतात. फोन विहिरीत पडला तरी बिघडत नाही. नवा फोन घ्या, बारा शब्द भरा, सगळं जिथल्या तिथे. यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे शाई पसरली तरी शब्द ओळखता येतो. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांची पडताळणीही लपलेली असते. इंग्रजी, जपानी, स्पॅनिश अशा काही भाषांत या याद्या आहेत, मराठीत मात्र नाही.

फक्त बारा शब्द! कुणी अंदाजाने ओळखले तर? शक्यता आहेत ३९ अंकी. सेकंदाला एक लाख कोटी जोड्या तपासणारं यंत्र लावलं तरी त्या सगळ्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट वेळ लागेल. बंदूकधारी पहारेकरी नाही, पोलादी दार नाही. बारा शब्दांचा कागद, आणि तरीही कुलूप असं!

आता एक हुशारी. काही जण शब्द लिहितात, पण क्रम मुद्दाम उलटसुलट करतात. चोराला कागद सापडला तरी क्रम कुठे ठाऊक आहे? अंकपाशाचाच हिशेब करा. बारा शब्दांच्या मांडण्या ४७,९०,०१,६००. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला तो किरकोळ आहे. शब्दच न कळणं आणि फक्त क्रम न कळणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पण किल्ली दाखवल्याशिवाय पैसे माझे आहेत हे सिद्ध करायचं कसं? इथे एक वक्ररेषा कामाला येते. तिचं समीकरण शाळेच्या फळ्यावर मावेल: य चा वर्ग बरोबर क्ष चा घन अधिक सात. या रेषेवर एक बिंदू ठरलेला आहे. तिथून निघायचं आणि तुमची किल्ली जो आकडा असेल तितकी पावलं टाकायची. जिथे पोहोचाल तो बिंदू तुमची जाहीर ओळख. ७८ अंकी पावलं टाकणार कधी? दुप्पट, दुप्पटीची दुप्पट असं करत गेलात तर जास्तीत जास्त पाचशेच्या आसपास पायऱ्यांत पोहोचता. संगणकाला क्षणही लागत नाही. आणि उलट? पोहोचलेला बिंदू बघून किती पावलं टाकली हे सांगणारी जवळची वाट आजच्या संगणकांसाठी कुणालाच सापडलेली नाही. जाताना पाचशे पायऱ्या, परत येताना युगं!

व्यवहारावर सही करताना आणखी एक गणित लागतं. १७ ला कशाने गुणलं म्हणजे ६० ने भागल्यावर बाकी १ उरेल? उत्तर ५३, कारण १७ गुणिले ५३ म्हणजे ९०१. सही करताना वॉलेटला असाच प्रश्न सोडवावा लागतो, फक्त ६० च्या जागी ७८ अंकी संख्या असते. असे प्रश्न सोडवायची आपली जुनी रीत म्हणजे कुट्टक. आर्यभटापासून चालत आलेली ही रीत भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सविस्तर मांडली. पाटणच्या मठात घोकला जाणार होता तो हाच कुट्टक.

या गणिताची एकच अट आहे: प्रत्येक सहीला नवा गुप्त आकडा वापरायचा. तोच आकडा दोनदा वापरला की दोन समीकरणं मांडून दहावीचा मुलगाही किल्ली काढू शकतो. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडवरच्या काही वॉलेटांत नेमकं हेच घडलं आणि बिटकॉइन चोरीला गेले. गणित चुकलं नव्हतं, फासे खोटे पडले होते.

किल्ली गुप्त राहिली, पण मालकाचं काय? अनेकांना वाटतं की क्रिप्टो म्हणजे गुपचूप व्यवहार. खरं तर उलट आहे. ही देवळातली काचेची दानपेटी आहे. आत किती आहे, कधी पडलं, कधी निघालं, हे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. उघडता मात्र येते किल्लीवाल्यालाच. वहीत नाव नसतं, पत्ता असतो. पण एक्स्चेंजमध्ये पॅन कार्ड देऊन खातं उघडलं, किंवा मित्रांच्या ग्रुपवर पत्ता टाकला, की पत्त्याला नाव चिकटलं. मग मागची सगळी वही उलगडते.

२०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. चोरीचा माल साडेपाच वर्षं सगळ्या जगाला दिसत होता, पण हात लावता येत नव्हता! फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी त्यातले ९४ हजारांहून अधिक जप्त केले. कसे? चोराने किल्ल्यांची फाइल कुलूपबंद करून क्लाउडवर ठेवली होती आणि ती उघडली गेली. चोरालाही किल्ली सांभाळता आली नाही.

किल्ली ज्याच्या हाती, धन त्याचं. मग पहारेकऱ्याच्याच हाती आली तर? पुणे पोलिसांनी २०१८ च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणात तपासाला मदत करणाऱ्या दोघा तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधलं चलन परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता.

एक्स्चेंजवर ठेवलं तर? तिथे किल्ली त्यांची, तुमच्याकडे फक्त त्यांचा शब्द. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या ठेवीदारांना हा फरक समजावून सांगायला नको. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या वॉलेटला एकाहून अधिक जणांच्या सह्या लागत होत्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसला एक व्यवहार आणि सही झाली भलत्याच व्यवहारावर. ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले.

म्हणून काही जण हार्डवेअर वॉलेट घेतात. या छोट्या यंत्रात सही आतच होते, किल्ली बाहेर पडतच नाही. हे यंत्र फोडणं अवघड असलं तरी चोराला एक सोपी वाट असते. २०२० मध्ये लेजर या कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि घरचे पत्ते फुटले. यंत्रांना धक्का लागला नाही, पण कुणाच्या घरी किल्ली आहे याची यादीच चोरांच्या हाती आली. काही ग्राहकांना तर टपालाने बनावट यंत्रं आली: ‘जुनं बदला, यात तुमचे शब्द भरा.’ ३९ अंकी भिंत फोडायची कशाला, माणसालाच विचारलं की झालं! गुप्तता आणि किल्लीची राखण हे एकच काम आहे, ते असं.

मग शब्द ठेवायचे कुठे? फोटो काढून मुळीच नाही. फोनमधले फोटो वाचून त्यातले हे शब्द हुडकणारी घातक ॲप्स २०२५ मध्ये अधिकृत ॲप स्टोअरांवरच सापडली. कागद बरा, पण तो जळतो, भिजतो, वाळवी खाते. आपल्या पूर्वजांनी महत्त्वाचं ते धातूवर कोरलं. धुळ्याच्या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रकूटकालीन ताम्रपट शके ७०१ मधला, आणि अभ्यासकांनी तो अकराशे वर्षांनी वाचला. आज हेच शब्द पोलादी पट्टीवर ठोकून ठेवतात.

एकच पट्टी चोरीला गेली तर? सहा शब्द इथे, सहा तिथे अशी वाटणी करू नका. अर्धे शब्द मिळताच उरलेल्या शक्यता ३९ अंकांवरून १९ अंकांवर घसरतात. याहून देखणा उपाय आदी शमीर यांनी १९७९ मध्ये दिला. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. गुपित म्हणजे ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा. रेषेवरचा एक बिंदू जळगावच्या घरी, दुसरा धुळ्याच्या बहिणीकडे, तिसरा नाशिकच्या लॉकरमध्ये. चोराला एक सापडला तर त्याला काय कळेल? काहीच नाही, थोडंसंही नाही, कारण एका बिंदूतून अगणित रेषा जातात. आणि एक जळून गेला तरी उरलेले दोन पुरतात. काही वॉलेटांत ही सोय आज तयार मिळते.

गुप्तता चोरापासून हवी, सरकारपासून नव्हे. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विक्रीच्या रकमेतून १ टक्का आधीच कापला जातो. फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा. बारा शब्द मागणारा कुणीही असो, ‘कस्टमर केअर’वाला असो की साहेब, तो चोरच. पैसे घेताना दर वेळी नवा पत्ता द्या, तेच बारा शब्द हवे तितके पत्ते तयार करतात. आपल्याकडे किती आहे, हे चहाच्या टपरीवर सांगू नका. आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला, शब्द न सांगता, ते कुठे ठेवलेत एवढं आजच सांगून ठेवा. मालक गेला आणि शब्दही त्याच्याबरोबर गेले, तर ते धन कुठलाही वारसदाखला, वकील किंवा कोर्ट परत मिळवून देऊ शकत नाही.