ट्रॅक्टरचा रंग आणि दिवे : खडीच्या माऱ्यापासून कसे जपाल?



उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त दिसू लागतो. मुरमाचा रस्ता, उखडलेली खडी, पुढे चाललेला ट्रक आणि रात्रीची वाहतूक. या दिवसांत दोन गोष्टींचे नुकसान हमखास होते. एक म्हणजे ट्रॅक्टरचा रंग आणि दुसरी म्हणजे पुढचे दिवे. रंग उडाला तर आपण म्हणतो, "उडू दे, ट्रॅक्टरला काय नवरदेव करायचंय?" आणि दिवा फुटला तर म्हणतो, "एक तर चालू आहे ना!" ही दोन्ही उत्तरे महागात पडतात. कशी, ते या पत्रकात पाहू.

आधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावची रात्रीची सभा आटोपून मी मोटारसायकलवर परतत होतो. समोरून एकच दिवा येताना दिसला. मोटारसायकल असेल, आपल्या कडेने चालली आहे, असे समजून मी तसाच पुढे गेलो. अगदी जवळ आल्यावर कळले की तो ट्रॅक्टर आहे आणि मागे उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत. जुना ट्रॅक्टर, दिवे मडगार्डवर. त्यातला चालकाच्या डाव्या हाताचा, म्हणजे माझ्यापासून लांबचा दिवा तेवढा चालू होता. माझ्या बाजूचा दिवा फुटलेला. मी साइडपट्टीच्या मुरमात उतरलो, म्हणून आज हे लिहितो आहे. चालक भला माणूस. खाली उतरून म्हणाला, "साहेब, दिवाळीत खडी लागून काच फुटली. हंगाम संपल्यावर बघू म्हटलं."

हे "हंगाम संपल्यावर बघू" आपल्याला मोडायचे आहे.

खडी उडते कशी?

आपल्याकडची खडी काळ्या दगडाची. फोडलेल्या तुकड्याला धार असते. पुढच्या वाहनाच्या चाकाखाली असा तुकडा सापडला की तो वर उडतो आणि आपण त्याच्यावर जाऊन आदळतो. आपला वेग आणि दगडाचा वेग या दोहोंचा मिळून दणका बसतो. वेग दुप्पट झाला की दणका दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून पहिला उपाय पैशाचा नाही, अंतराचा आहे.

ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेला ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जातो. ताशी ६० ने चाललेली जीप साधारण १७ मीटर जाते. पुढचे वाहन एखाद्या झाडाजवळून गेले की मनात सावकाश "एक, दोन, तीन" म्हणावे. तीन म्हणण्याआधी आपण त्या झाडाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे. उखडलेला रस्ता असेल, नवी खडी पसरलेली असेल, तर हे अंतर आणखी वाढवावे आणि वेग कमी करावा. समोरून ट्रक येत असेल तर आपणही सावकाश व्हावे.

रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे

पत्र्यावरचा रंग हा पत्र्याचा रेनकोट आहे. खाली प्रायमरचा थर, वर रंगाचा थर. खडी लागून टिकलीएवढा टवका उडाला की उघड्या लोखंडाला हवा आणि ओल मिळते आणि गंज चढायला लागतो. हा गंज टिकलीपुरता राहत नाही. तो कडेच्या चांगल्या रंगाखाली शिरतो, रंगाला फुगवटा येतो आणि पुढच्या पावसाळ्यात तळहाताएवढा पापुद्रा निघतो.

शेतकऱ्याच्या वाहनाला याचा त्रास शहरातल्या मोटारीपेक्षा जास्त होतो. कारण आपल्या ट्रॉलीत खत असते, शेण असते, उसाचा रस गळतो. पोटॅशचे खत हा एक क्षारच आहे. खताची भुकटी टवक्यावर बसली की ती हवेतली ओल धरून ठेवते आणि गंज भराभर वाढतो. कोकणात तर समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यानेच हे काम होते.

द्राक्षबागायतदारांना एक उदाहरण लगेच पटेल. बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी चाकू किंवा विळ्याचे पाते बुडवून आपण परीक्षा करतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुना आणखी हवा असे समजतो. तांबे पात्यावर चढते, तेव्हा पात्याचे लोखंड विरघळून जात असते. मोरचुदाचे पाणी ट्रॅक्टरच्या टवक्यावर सांडले तर हीच क्रिया तिथे होते. म्हणून खत वाहिल्यावर किंवा फवारणी झाल्यावर वाहन त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावे. उद्यावर टाकू नये.

रंग उडाल्याचा दिव्याशीही संबंध आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत दिव्याची अर्थिंगची तार अंगाच्या पत्र्याला जोडलेली असते. त्या जोडापाशी रंग उडून गंज चढला की वीज नीट वाहत नाही आणि नवा बल्ब घालूनही दिवा पिवळट, मंद लागतो. आपण बल्बला आणि बॅटरीला दोष देतो, खरा दोषी असतो गंजलेला नट. तो जोड सोडवावा, पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा, घट्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे.

टवक्यावर घरचा इलाज

१. वाहन आधी पाण्याने भिजवावे. चिखल मऊ झाल्यावरच धुवावा. वाळलेला चिखल फडक्याने खरवडला तर त्यातली वाळू रंगावर चरे पाडते. कपड्याच्या सोड्याने धुऊ नये. सौम्य साबण पुरतो.

२. पूर्ण वाळल्यावर टवक्याची जागा आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने घासावी. गंजाचा कण राहता कामा नये. कडेचा रंगही थोडा घासून उतरता करावा, म्हणजे नवा रंग धरून बसतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून पाणी लावून घासावे, नाकातोंडाला फडके बांधावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

३. जागा वाळवून थिनरच्या फडक्याने पुसावी. मग रेड ऑक्साइड प्रायमरचा पातळ हात द्यावा. डब्यावर सांगितलेला वेळ वाळू द्यावे.

४. वरून ट्रॅक्टरच्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. पुष्कळ जण नुसता रेड ऑक्साइड लावून काम झाले असे समजतात. हा थर सच्छिद्र असतो, तो ओल शोषतो. त्याच्यावर रंग हवाच.

५. हे काम कोरड्या हवेत करावे. दव पडलेल्या पहाटे किंवा पावसाळी दिवशी दिलेला रंग पुढे पापुद्र्याने निघतो.

काही ठिकाणी ट्रॉलीला जळके तेल फासण्याची चाल आहे. त्याने चार दिवस गंज थांबतो, पण तेलावर धूळ चिकटते. ते तेल टायरला व रबरी नळ्यांना लागले तर रबर खराब होते. शिवाय पावसात ते वाहून शेतात, ओढ्यात जाते. तेव्हा ही चाल सोडलेली बरी.

दिव्यांची निगा

काचेला नुसता तडा गेला तरी तो दुर्लक्षू नये. तड्यातून धूळ आणि पाणी आत जाते आणि आतला चांदीसारखा चकाकणारा परावर्तक काळा पडतो. बल्ब कितीही चांगला असला तरी उजेड पुढे फेकण्याचे काम परावर्तकाचे आहे. तो गेला की बल्ब म्हणजे घरातली चिमणी. नवी काच मिळेपर्यंत तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. ही फक्त तात्पुरती सोय आहे. परावर्तक फडक्याने पुसू नये. त्याचा मुलामा निघून जातो.

नव्या ट्रॅक्टरांना आणि गाड्यांना बहुधा काचेऐवजी कठीण प्लॅस्टिकचा दिवा येतो. तो खडीने सहज फुटत नाही, पण त्यावर चरे पडतात आणि उन्हाने तो पिवळा, धुरकट होतो. त्याला कोरड्या फडक्याने कधी पुसू नये. भरपूर पाणी सोडून मऊ कापडाने धुवावा. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नये. त्याने वरचा संरक्षक थर जातो. दुपारी वाहन झाडाखाली किंवा छपरात लावावे.

हॅलोजन बल्ब बदलताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्याने धरावा. जास्त उजेडासाठी ठरल्यापेक्षा मोठ्या वॅटचा बल्बही घालू नये. तारा तापतात, परावर्तक करपतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून समोरून येणाऱ्याला सर्वांत जवळचा असतो तो आपल्या उजव्या हाताचा दिवा. आपले वाहन कुठे संपते हे मडगार्डवरचा तोच दिवा त्याला सांगतो. ज्या ट्रॅक्टरांचे मोठे दिवे बॉनेटच्या तोंडाशी जवळजवळ असतात, त्यांच्यावरून रुंदी कळतच नाही. तिथे मडगार्डवरचे लहान साइड लाइट चालू असलेच पाहिजेत.

दिव्याचा रोख तपासा

दगडाचा दणका बसून किंवा खड्ड्यांच्या हादऱ्याने दिव्याची पकड हलते. मग उजेड झाडावर पडतो किंवा समोरच्याच्या डोळ्यांत. तपासण्याची रीत सोपी आहे. संध्याकाळी सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर ट्रॅक्टर सरळ उभा करावा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. दिवा डिप्परवर लावावा. उजेडाची वरची कड रेघेच्या सुमारे चार बोटे खाली असावी. तशी नसेल तर स्क्रू फिरवून किंवा मिस्त्रीकडून नीट करून घ्यावी.

जाळी, बंपर आणि चिकटफिल्म

दिव्यापुढे लोखंडी जाळी लावावी का, असे पुष्कळ जण विचारतात. शेतातल्या आणि मळणीच्या कामाला जाळी ठीक आहे. पण बारीक जाळी उजेड अडवते, तिच्यात चिखल आणि पाचट अडकते. रात्री रस्त्यावर निघण्याआधी ती काढता यावी अशी, चिमट्यावर बसवावी.

जीप किंवा पिकअपला पुढे लोखंडी बुल बार बसवू नये. अशा बेकायदा गार्डांवर कारवाई करण्याविषयी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिले आहे. धडकेत असा बार पायी चालणाऱ्याला जास्त मारक ठरतो. घरी मोटार असेल तर बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि दिव्यांवर बसवण्याची जाड पारदर्शक फिल्म मिळते. ती खडीचा मार स्वतः सोसते. ट्रॅक्टरला हा खर्च करण्याची गरज नाही. त्याला मागच्या चाकांची मडगार्डे शाबूत आणि ट्रॉलीच्या चाकांमागे रबरी पट्ट्या असल्या तरी पुष्कळ काम होते. जुन्या पट्ट्याच्या रबरातून गावातच त्या कापून घेता येतात.

आपला खडा दुसऱ्याला नको

आपल्याला लागणारी खडी कोणाच्या तरी ट्रॉलीतूनच सांडलेली असते, हे विसरू नये. मुरूम, वाळू, खडी भरताना ती फळ्यांच्या खालीच ठेवावी, वर ताडपत्री बांधावी आणि मागचा फाळका नीट अडकवावा. शेतातून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी मागच्या टायरच्या नक्षीत अडकलेले दगड आणि चिखल पहारीने काढावेत. त्या चिखलावरून घसरणारा मोटारसायकलवाला आपल्याच गावचा असतो.

ट्रॉलीला चमकपट्ट्या लावाव्यात. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल. त्या धुळीने माखल्या तर असून नसल्यासारख्या. भरलेल्या उसाच्या वाढ्यांनी मागची पट्टी झाकली जाते. म्हणून गाडी भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा पाहावे, आणि पट्टी झाकली असेल तर लाल चमकणारे कापड वरून बांधावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचे अंतर.
२. खत-फवारणीनंतर त्याच दिवशी धुणे.
३. टवका दिसला की घासणे, प्रायमर, मग रंग.
४. तडा गेलेली काच आठवड्याच्या आत बदलणे.
५. रात्री निघण्याआधी ओल्या फडक्याने दिवे आणि चमकपट्ट्या पुसणे. याला दोन मिनिटे लागतात.

एक काच आणि एक बल्ब यांचा खर्च उसाच्या एका खेपेच्या भाड्यातून भागतो. तेव्हा बंधूंनो, हंगाम संपण्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी ट्रॅक्टर दारात लावला की दोन्ही दिवे पेटवा, पुढे जाऊन उभे राहा आणि समोरून येणाऱ्याच्या नजरेने एकदा पाहा. जे दुरुस्त करायचे ते तिथेच दिसेल.