चेहरा कशाने धुवावा, किती वेळा धुवावा?

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गेले होते. भाषण झाल्यावर मुलांनी आपले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून द्यावेत, अशी सोय शिक्षकांनी केली होती. कृष्णविवरे, उपग्रह, भूकंप अशा नेहमीच्या प्रश्नांत एक बारीक घडी केलेली, नाव नसलेली चिठ्ठी निघाली. "मी दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुते. तरी मुरुमे जात नाहीत. सगळे म्हणतात, तू स्वच्छ राहत नाहीस. अजून किती वेळा धुवू?"

वेळ संपत आली होती. "डॉक्टरांना दाखव" असे मोघम उत्तर देऊन मी पुढची चिठ्ठी उचलली. परतीच्या एस.टी.त मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझे स्वतःचे काम साबणाच्याच कुळातील पदार्थांवर चालते. त्या मुलीला नीट उत्तर देणे मला शक्य होते. ते राहिलेले उत्तर आज येथे देत आहे, कारण अशी एखादी मुलगी किंवा मुलगा आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात असतोच.

आपण धुतो ते नेमके काय?

चेहऱ्यावर दिवसभरात धूळ, धूर, घाम आणि मृत पेशींचे कण जमतात. हे सर्व धरून ठेवते ते त्वचेतून पाझरणारे तेल. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी ते तयार करतात. कपाळ, नाक आणि हनुवटी येथे या ग्रंथी फार दाट असतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या काहीशेपर्यंत जाते. तळहातावर व तळपायावर त्या मुळीच नसतात.

या तेलाखाली असतो त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर. केरॅटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या, चपट्या, मृत पेशींचे साधारण पंधरा ते वीस पापुद्रे एकावर एक रचून तो बनतो. त्याची जाडी वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी कमी असते. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला गिलावा म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांचे मिश्रण. शरीरातील पाणी बाहेर उडून जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व रसायने आत येऊ न देणे, हे या भिंतीचे काम. खालून नव्या पेशी येत राहतात, वरच्या झडत राहतात.

तेव्हा चेहरा धुणे म्हणजे भिंतीवर बसलेला मळ काढणे. पण गिलाव्याला धक्का लागता कामा नये. सगळी अडचण येथेच आहे. मळही तेलात आणि गिलावाही तेलाच्याच जातीचा!

साबण काय करतो?

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर लांब शेपटी तेलात रमणारी असते. तेलाचा थेंब दिसला की अनेक रेणूंच्या शेपट्या त्यात शिरतात, डोकी बाहेर पाण्यात राहतात आणि थेंब सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. मात्र हे तेल वरचे आहे की गिलाव्यातले, हे साबणाला कळत नाही. साबण जितका अधिक आणि जितका वेळ चेहऱ्यावर राहील, तितका तो खोलवर हात घालतो. तोंड धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटते, तिला आपण "स्वच्छ झाल्याची खूण" मानतो. खरे तर ती भिंतीचा गिलावा निघू लागल्याची खूण असते.

दुसरी गोष्ट सामूची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनीनी या जर्मन संशोधकांनी त्याला "आम्लकवच" असे नाव दिले. गिलाव्यातील सिरॅमाइड तयार करणारी विकरे अशा आम्लधर्मी परिस्थितीतच चांगले काम करतात. उलट सामू वाढला की पेशींमधील बंध तोडणाऱ्या विकरांना जोर येतो आणि पापुद्रे वेळेआधीच सुटू लागतात.

मेदाम्ल आणि तीव्र अल्कली यांपासून बनलेल्या साबणाच्या द्रावणाचा सामू मात्र ९ ते १० असतो. सामूची मोजपट्टी दसपटीची असते, हे आपण वर्गात शिकवतोच. सामू ५ आणि सामू १० यांतील हायड्रोजन आयनांच्या संहतीत एक लाख पटींचा फरक असतो. निरोगी त्वचा काही तासांत पुन्हा पूर्वपदावर येते. पण दिवसातून पाच वेळा साबण लावणाऱ्या त्या मुलीच्या त्वचेला सावरायला उसंत कधी मिळणार?

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

हळदीचा डाग पडलेला कपडा साबणाने धुताना लाल होतो, हे सर्वांनी पाहिले आहे. हळद हा उत्तम दर्शक आहे. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. मुलांना घरातील निरनिराळे साबण, मुखमार्जक, डाळीचे पीठ आणि रिठ्याचे पाणी आणायला सांगा. प्रत्येकाच्या थोड्या द्रावणाचा थेंब पट्टीवर टाका. साबणाचा थेंब, मग तो स्वस्त असो वा महाग, पट्टी तांबूस करील. वेष्टनावर "टी.एफ.एम. ७६ टक्के" छापलेले असले, तरी त्यातून साबणातील मेदद्रव्याचे प्रमाण कळते, सामू नव्हे. रिठ्याच्या पाण्याने पट्टी पिवळीच राहील. ज्या वड्या व द्रव मुखमार्जके साबणाऐवजी संश्लेषित अपमार्जकांपासून बनवलेली असतात, तीही बहुधा पट्टीचा रंग बदलणार नाहीत.

पण निष्कर्ष काढताना मुलांना घाई करू देऊ नका. पट्टी पिवळी राहिली याचा अर्थ पदार्थ अल्कधर्मी नाही, एवढाच. तो सौम्य आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट या अपमार्जकाच्या द्रावणाने पट्टी लाल होणार नाही. तरीही त्वचेचा दाह अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळांत मुद्दाम वापरतात ते तेच! आणि लिंबाच्या रसानेही पट्टी पिवळीच राहते, म्हणून तो चेहऱ्याला चोळू नये. त्याचा सामू २ च्या आसपास असतो, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचेवर चट्टे उठू शकतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांचीही जागा चेहऱ्यावर नाही.

आपली त्वचा कोणती?

तेलाचा थेंब कागदावर अर्धपारदर्शक डाग पाडतो. स्निग्ध पदार्थ ओळखण्याची ही पाठ्यपुस्तकातील परीक्षा येथेही उपयोगी पडते. चेहरा सौम्य पदार्थाने धुऊन टिपावा आणि तासभर काहीही लावू नये. मग पातळ कागदाचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी व दोन्ही गालांवर हलके दाबून उजेडात धरावेत.

सर्व तुकड्यांवर डाग दिसले तर त्वचा तेलकट. कोठेही डाग नाही आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते, तर कोरडी. कपाळ, नाक व हनुवटीच्या तुकड्यांवर डाग, पण गालांचे तुकडे कोरडे, तर मिश्र. फारसे डागही नाहीत आणि ओढही नाही, तर सामान्य. यांपैकी कोणतीही त्वचा संवेदनशील असू शकते. नव्या पदार्थाने तिची आग होते, ती लाल होते. हे प्रकार कायमचे नसतात. वयात येताना त्वचा तेलकट होते, उतारवयात कोरडी पडते. थंडीत व पावसाळ्यात एकच चेहरा वेगळा वागतो. ही परीक्षा मुलांनी घरी करावी. वर्गात सर्वांसमोर एखाद्याच्या चेहऱ्याचे "निदान" होऊ नये.

त्वचेनुसार धुण्याची रीत

तेलकट त्वचा सकाळी आणि रात्री अशी दोन वेळा सौम्य मुखमार्जकाने धुवावी. खेळून घाम आला तर आणखी एकदा. कोरड्या त्वचेला रात्री एकदा मुखमार्जक पुरते. सकाळी नुसते पाणी पुरे. धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच मलई किंवा पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवला, की पाणी आत टिकून राहते. मिश्र त्वचेसाठी मुखमार्जक कपाळ, नाक व हनुवटीवर नीट लावावे, गालांवरून निथळताना लागेल तेवढेच पुरे. सामान्य त्वचेला यांतील कोणतीही साधी रीत मानवते. संवेदनशील त्वचेसाठी सुगंधविरहित पदार्थ निवडावा आणि प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावा.

कृती सर्वांना सारखीच. आधी हात धुवावेत. पाणी साधे किंवा कोमट घ्यावे. कढत पाणी गिलावा अधिक सैल करते. मुखमार्जक वाटाण्याएवढे पुरते. बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलके फिरवावे. वजरी किंवा खरखरीत कापड वापरू नये. केसांची कड व जबड्याखालची जागा विसरू नये, तेथेच फेस राहून जातो. शेवटी मऊ पंचाने टिपून घ्यावे, पुसू नये.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय बनते, ती त्वचेवर चिकटून राहते. अशा ठिकाणी संश्लेषित अपमार्जकाची सौम्य वडी अधिक बरी. नाहीतर साबण थोडा आणि पाणी भरपूर वापरावे.

महागड्या बाटलीची मात्र गरज नाही. दिवाळीला आधी तेल चोळून मग उटणे लावतात, त्यामागे समजण्याजोगे तत्त्व आहे. तेलात तेलकट मळ विरघळतो आणि कोरडी पूड ते शोषून घेते. रंगपंचमीचा रंग काढतानाही आधी तेल, मग मुखमार्जक, हाच क्रम बरा. डाळीचे पीठ वापरायचे तर बारीक चाळून, भिजवून. कोरडे पीठ घासू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांना फार झोंबते, म्हणून चेहऱ्यासाठी ते टाळावे.

मुरुमे म्हणजे मळ नव्हे

आता चिठ्ठीतील मूळ प्रश्न. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी मोठ्या होतात व अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी केसाच्या नलिकेतील मृत पेशी चिकटून तिचे तोंड बंद होते. आत तेल साचते, तेथे नेहमीच राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे सारे त्वचेच्या आत घडते. साबण तेथे पोचत नाही. काळ्या टोकाच्या मुरुमांतला काळेपणाही धुळीचा नसतो. नलिकेच्या उघड्या तोंडाशी अडकलेल्या द्रव्यातील मेलॅनिन आणि त्याचा हवेशी येणारा संबंध यांमुळे तो दिसतो. जोराने घासल्याने सुजलेली जागा अधिकच चिडते.

रंगाचेही तसेच. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. धुऊन निघतो तो वरचा मळ. कोणताही साबण माणसाला गोरा करू शकत नाही. आणि त्याची आवश्यकताही नाही.

तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर असे: बाळ, पाच नव्हे, दोन वेळा धू, तेही हलक्या हाताने. मुरुमे फोडू नकोस. मैत्रिणीने सुचवलेले किंवा दुकानदाराने दिलेले मलम चेहऱ्याला लावू नकोस. त्यांत स्टेरॉइड असले तर पुढे मुरुमे वाढतात. महिन्या-दोन महिन्यांत फरक पडला नाही, दुखू लागले किंवा खड्डे पडू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. यावर चांगली औषधे आहेत. आणि तू अस्वच्छ नाहीस.

हे शेवटचे वाक्य मी त्या दिवशी म्हणायला हवे होते. ती चिठ्ठी कोणाची, हे मला कधी कळणार नाही. पण "तोंड धूत नाहीस का?" हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघून जातो तेव्हा समोरचे मूल कदाचित तिसऱ्यांदा तोंड धुऊन आलेले असते, एवढे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.