एका रात्रीत तीन मध्यरात्री

भोपाळ स्टेशनात गोवा एक्स्प्रेस रात्री उशिरा येते. पावसाळा सरला की स्लीपरच्या डब्यांसमोर एकेक बॅग घेतलेली पोरं उभी दिसतात. ती ‘सीझन करायला’ निघालेली असतात. २००९ च्या ऑक्टोबरात मीही त्यांच्यात होतो. हॉटेल मॅनेजमेंट नुकतंच संपलं होतं. परदेशी माणूस पाहिला होता तो सांचीला, स्तूपासमोर बसमधून उतरताना, आणि तोही लांबून.

मला काम मिळालं कांदोळीच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये. शॅक म्हणजे एका सीझनचं घर. पावसाळ्यानंतर बांबू, वासे आणि माडाच्या झावळ्यांनी उभं करायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी उतरवून ठेवायचं. स्वयंपाकघरात नेपाळचे आचारी, त्यांना आम्ही ‘दाजू’ म्हणत असू, बाहेर ओडिशा आणि कर्नाटकातली पोरं. मालकाला सगळे ‘पात्रांव’ म्हणत. आमची आपसातली भाषा हिंदी.

पहिले दोन महिने माझं मुख्य काम डेकबेडचं होतं. लाकडी, लांबट, पाठ वर-खाली होणारे वीस बेड. सकाळी साडेसहाला वाळू ओढून सारखी करायची, दवाने ओलसर झालेल्या गाद्या पुसायच्या, छत्र्या रोवायच्या. समुद्राची हवा इतकी खारट की कोरडं फडकं पाच मिनिटांत चिकट होई. मग दिवसभर ऊन सरकेल तसे बेड फिरवायचे. इंग्रजांना ऊन तोंडावर हवं असे. रशियन मंडळी दुपारी सावली मागत. आपली कुटुंबं बेडकडे ढुंकूनही न बघता आत, झावळ्यांखाली बसत. त्यांना चार टेबलं जोडून हवी असत, सगळ्यांना एकत्र.

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर वेगवेगळ्या सवयींचा हा प्रश्न बराचसा गावं वाटून सुटलेला आहे. मायोर्का बेटावर मागालुफ ब्रिटिशांचं, तर अरेनाल जर्मनांचं. तुर्कस्तानातल्या अंताल्याला मात्र रशियन आणि जर्मन एकाच हॉटेलात उतरतात, आणि पहाटे टॉवेल टाकून बेड अडवण्यावरून कुरबुरी होतात. आमच्या किनारपट्टीवरही वाटणी होतीच. कळंगुट-कांदोळीला ब्रिटिश, मोरजी-आश्वेला रशियन (तिथे दुकानांच्या पाट्याही रशियन लिपीत), हणजुण-हरमलला लष्करातली सक्तीची सेवा संपवून आलेली इस्राएली पोरं, आणि बागाला आपले लोक. आमचा शॅक मात्र अशा जागी होता की सगळेच येत. म्हणून भांडणंही आमच्याकडेच.

पहिलं भांडण पुढच्या ओळीचं. साठी उलटलेलं एक इंग्रज जोडपं दरवर्षी पंधरा दिवस येई, आणि समुद्रालगतचे कोपऱ्यातले दोन बेड आपलेच आहेत असं त्यांच्या मनाने धरलेलं. डिसेंबरात आठ रशियनांचा गट आला आणि सकाळीच त्या दोन बेडांसकट पुढच्या ओळीवर आठांचे टॉवेल पडले. इंग्रज बाई एक शब्दही बोलल्या नाहीत, आत जाऊन बसल्या. ते मौन आरडाओरड्यापेक्षा जड होतं. पात्रांवने दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलं आणि ओळच मोडली. बेड सरळ रांगेत न लावता तिरके, माशाच्या काट्यासारखे मांडले. आता प्रत्येक बेडवरून समुद्र दिसत होता आणि पुढचा कोण, मागचा कोण हे सांगता येत नव्हतं. कुणाला समजावलं नाही, कुणाची माफी मागितली नाही. देशादेशांतल्या सलोख्याबद्दल मी पुढे पुष्कळ ऐकलं, पण त्या पहाटे वाळूत ओढलेल्या लाकडी पायांच्या खुणा मला त्याहून जास्त पटतात.

दुसरी अडचण हसण्याची. त्याच इंग्रज बाई मला म्हणाल्या, त्या रशियन बायका माझ्याकडे बघून कधीच हसत नाहीत, काय चुकलं माझं? काही चुकलं नव्हतं. अनोळखी माणसाकडे बघून उगीच हसायचं नाही, ही त्यांची रीत. ओळख झाली की हातात फळं कोंबतात. हे मला आधीच्या आठवड्यात त्यांच्यातल्याच एकीने सांगितलं होतं, ते मी पुढे पोचवलं. वेटरच्या ट्रेमध्ये अशीही पुष्कळ ये-जा असते.

तिसरी गोष्ट लिहिताना अजून राग येतो. कॅमेरा घेऊन फिरणारी आपली पोरं. पोहून येणाऱ्या बाईचा फोटो काढायचा, हसायचं, पुढे जायचं. अशा वेळी आम्ही ट्रे घेऊन मध्ये उभे राहत असू, तेवढंच हातात होतं. एकदा त्यांतल्या एकाने मित्राला हाक मारली, ‘को खाँ’. भोपाळची, माझ्याच गावची पोरं! मी त्यांना बाजूला घेतलं आणि बोट क्लबवर तुझ्या बहिणीचे असे फोटो कुणी काढले तर, एवढंच विचारलं. फोटो पुसले गेले. ज्यांचे फोटो काढले होते त्या बाईंनी मात्र त्या दिवसानंतर बेड बदलून आतला मागितला, आणि त्याचं मला काहीच करता आलं नाही.

३१ डिसेंबरला पौर्णिमा होती आणि रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. नागपूरचं एक कुटुंब जेवायला आलं होतं, सोबत आजी. बारा वाजले, सगळा किनारा ओरडला, फटाके उडाले. उधाणाचं पाणी चढत होतं आणि आम्ही चौघे बेड मागे ओढत होतो. साडेबाराच्या आत चंद्राच्या कडेला बारीक काळा चावा दिसू लागला. आजींनी ताट सरकवलं.

“ग्रहण सुटेस्तोवर नको रे बाबा.”

शेजारच्या टेबलावरच्या रशियन बायकांना वाटलं, जेवण बिघडलं. मी त्यांना वर बोट दाखवलं. त्यांनी मान वर केली आणि मग त्यांच्याही टेबलावरचे काटे-चमचे थांबले.

दीडच्या आधी ग्रहण सुटलं. आजी म्हणाल्या, “समुद्र समोर असताना खोलीत जाऊन कशाला अंघोळ करू?” मुलगा नको म्हणत होता, मलाही धाकधूक. मी स्वयंपाकघरातून स्टीलचा जग आणि टॉर्च आणला. आजी नऊवारीचा काष्टा आवळून पाण्याच्या कडेला निघाल्या, तेवढ्यात दोन रशियन बायका उठल्या आणि एकेक हात धरून त्यांच्याबरोबर चालू लागल्या. त्यांच्याकडे १९ जानेवारीला सणाची डुबकी घेतात, बर्फाला भोक पाडून. ते त्यांनी नंतर हातवारे करून सांगितलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तशी आजी त्यांच्या आधाराने वाकल्या, जगाने तीनदा डोक्यावर पाणी घेतलं. मग जग त्या दोघींपुढे केला. त्यांनीही घेतलं.

अडीचला मॉस्कोत बारा वाजायचे होते. गाणी केव्हाच बंद झाली होती. नागपूरकर थांबले. आजी कोरडं लुगडं नेसून, नातवाचं जॅकेट घालून बसल्या होत्या. रशियन मंडळींनी घड्याळ बघत आपल्या भाषेत उलटे आकडे मोजले आणि आजींनी त्यांच्या मागोमाग टाळ्या वाजवल्या. निघताना त्यांनी आपली शाल बेडवर झोपी गेलेल्या एका रशियन पोरीच्या अंगावर टाकली. परत मागायला कुणी आलं नाही.

पहाटे पाचला मी वाळू ओढायला घेतली. इंग्रज जोडपं हातात हात घालून आलं, नेहमीच्या कोपऱ्यापाशी थांबलं. साडेपाचला लंडनचे बारा. मी दाजूंना उठवलं नाही, स्वतःच चहा केला. किटली वेगळी, दूध वेगळं. बाईंनी शालीखाली झोपलेल्या पोरीकडे पाहिलं आणि नवऱ्याला हळू बोलायला सांगितलं. मग दोघांनी कुजबुजत दहापासून उलटं मोजलं.

मी राहिलेले बेड तिरके लावत होतो. त्या पोरीचा बेड तेवढा तसाच ठेवला.